विस्मृतीतल्या सुपरहिरोवर आठ पानांची चित्रकथा: नायक कसा निवडावा?

शाईची_दौत

एका ऑनलाइन दिवाळी अंकासाठी आठ पानांची कृष्णधवल चित्रकथा करायचं ठरलं आहे. नायक कोरा करकरीत बनवण्यापेक्षा १९४०च्या आसपासच्या अमेरिकन कॉमिक्समधला, हक्क संपलेला आणि आता फारसा कुणाला आठवत नसलेला एखादा सुपरहिरो घ्यावा, असा विचार आहे. सध्या यादीत तिघे आहेत: रेड बी, ब्लॅक टेरर आणि स्टारडस्ट.

अंकाच्या संपादकांना शंका आहे. त्यांचं म्हणणं, बॅटमॅन-स्पायडरमॅन कुणीही वाचेल, पण ज्याचं नावही ऐकलं नाही त्याच्यात वाचक का गुंतेल? शंका रास्त आहे. दुसरीकडे जगभर अशा कोपऱ्यातल्या नायकांचे कट्टर वाचक आहेत हेही खरं. त्यांना नेमकं काय आवडतं ते कळलं, तर पटकथा लिहिताना तेच हातातून निसटणार नाही. जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. या मंडळींची ओढ कशामुळे वाटते आणि ती आठ पानांत कशी आणावी? हक्क खरोखर संपले आहेत हे कसं तपासायचं? आणि राज, मनोज, तुलसी या प्रकाशकांच्या जुन्या हिंदी कॉमिक्समधला एखादा नायक घेता येईल का?

चौथी_चौकट

तुमच्या यादीतला रेड बीच घेऊ, कारण तो या प्रकाराचा अर्क आहे. क्वालिटी कॉमिक्सच्या 'हिट कॉमिक्स'चा पहिला अंक, जुलै १९४०. रिक रॅले नावाचा सरकारी वकील रात्री लाल-पिवळा पोशाख चढवून गुंडांना पकडतो. त्याच्या कमरपट्ट्याच्या बकलात मायकेल नावाची एक पाळलेली मधमाशी असते. झाली त्याची ताकद. ना उडता येतं, ना गोळ्या अंगावर झेलता येतात. अगदी अडचण आली की बकल उघडायचं आणि मायकेलला सोडायचं.

असे नायक निघाले कुठून? तेव्हाचं कॉमिक ६४ पानांचं आणि १० सेंटांचं असे. एका अंकात आठ-दहा वेगवेगळ्या मालिका. मुखपृष्ठावर एकच नायक, बाकीचे पानं भरायला. आयस्नर-आयगर किंवा हॅरी चेसलर यांच्यासारख्या स्टुडिओंकडून प्रकाशक सहा-आठ पानांच्या गोष्टी घाऊक मागवत. माणूस, पोशाख, एक चमत्कार, आणि द्या छापायला. त्या घाईत कुणी फार वेळ विचार करत बसत नसे, म्हणून मोठ्या नायकाच्या बाबतीत कुणी मान्यच केल्या नसत्या अशा कल्पना छापून गेल्या. पहिली ओढ या मोकळेपणाची आहे.

दुसरी ओढ ताकदीच्या अरुंदपणाची, आणि पटकथेसाठी हीच जास्त कामाची. सुपरमॅनची गोष्ट लिहिणाऱ्याला आधी हे ठरवावं लागतं की हा गडी पहिल्याच पानावर सगळं का संपवत नाही. म्हणून त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट दगड आणा, जादू आणा, नाहीतर त्याच्याइतकाच बलवान शत्रू आणा. अरुंद ताकदीच्या नायकाला हा प्रश्नच पडत नाही. 'लीजन ऑफ सुपरहिरोज' या नायकांच्या टोळीतला मॅटर-ईटर लॅड पाहा. जेरी सिगेल आणि जॉन फोर्ट यांनी तो डिसेंबर १९६२च्या 'ॲडव्हेंचर कॉमिक्स' ३०३मध्ये आणला. त्याच्या बिस्मॉल ग्रहावर सूक्ष्मजंतूंमुळे सगळं अन्न विषारी झालं, म्हणून तिथली माणसं काहीही खाऊन पचवायला शिकली. तो तुरुंगाचे गज खातो, दगड खातो, यंत्रं खातो. त्याच्या गोष्टीत वाचक एकाच प्रश्नावर खिळतो: आता हा काय खाणार, आणि त्याने सुटका कशी होणार? सिगेल म्हणजे सुपरमॅनच्या दोन जनकांपैकी एक. ज्याने सर्वशक्तिमान नायक दिला त्यानेच खादाड नायकही दिला, आणि दोन्ही तितक्याच मनापासून.

तीनच महिन्यांनी, मार्च १९६३च्या ३०६व्या अंकात, एडमंड हॅमिल्टन यांनी 'लीजन ऑफ सबस्टिट्यूट हिरोज' आणली. लीजनच्या निवड चाचणीत नापास झालेल्यांची ही टोळी. नाइट गर्लला अचाट बळ, पण अंधारातच. स्टोन बॉय दगड होतो, पण दगड झाल्यावर हलता येत नाही. क्लोरोफिल किड झाडं भराभर वाढवतो. यांच्या प्रत्येक गोष्टीत यश मिळतं ते प्रसंग त्यांच्या मर्यादेत नेमका बसवल्यामुळे. वाचक त्यांच्या बाजूने होतो तो इथे. ताकदवान जिंकतो तेव्हा आपण बघत असतो, नापास झालेला जिंकतो तेव्हा आपण त्याच्यासोबत विचार करत असतो.

तेव्हा लिहायला बसण्याआधी एका कागदावर तीन रकाने आखा. ताकद काय करते, काय करू शकत नाही, आणि वापरली की काय किंमत मोजावी लागते. दुसरा आणि तिसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला तर नायक बरोबर निवडला आहे. या कसोटीवर ब्लॅक टेरर मागे पडतो. १९४१चा, 'एक्सायटिंग कॉमिक्स'मधला बॉब बेंटन नावाचा औषधविक्रेता, एका रसायनाने बलवान झालेला, छातीवर कवटी आणि हाडं. पोशाख इतका देखणा की भल्याभल्यांनी तो पुन्हा काढला, पण ताकद म्हणाल तर नुसतं बळ आणि कणखरपणा. आठ पानांत त्याचं करायचं काय? मारामारी. ती तर सगळेच करतात.

रेड बीचे रकाने भरून बघा. कामकरी मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात. माणसाच्या कातडीत ती अडकते, माशी उडताना नांगी तुटते आणि माशी मरते. म्हणजे एक माशी, एक डंख. शिवाय डंख मारतात त्या माद्या, नराला नांगीच नसते, त्यामुळे 'मायकेल' या नावाचंही काहीतरी करावं लागेल. अंधारात आणि धो-धो पावसात पाळीव माश्या बाहेर पडत नाहीत. धुराने मंदावतात. डंखाबरोबर जो इशाऱ्याचा गंध सुटतो त्याला पिकल्या केळ्यासारखा वास असतो आणि त्याने बाकीच्या माश्या चवताळतात. मूळ लेखकांनी यातलं काहीच मनावर घेतलं नव्हतं. तुम्ही घेतलंत तर एकच डंख कधी खर्च करायचा, एवढ्यावर आठ पानं ताणून धरता येतील. केळीच्या वखारीत पाठलाग ठेवलात तर शेवटही आपोआप सुचेल.

जुनं_बाड

चौथी_चौकट यांच्याशी ताकदीच्या मुद्द्यावर सहमत, पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अपरिचित असणं हा गुण नव्हे. त्या काळातले बहुसंख्य नायक विसरले गेले कारण त्यांच्या गोष्टी सुमार होत्या आणि ते दुसऱ्या कुणाची तरी नक्कल होते. ज्यांच्यावर जीव जडतो त्यांच्यात दोनपैकी एक तरी गोष्ट असते. एक तर मूळ कर्त्याचा झपाटलेपणा, नाहीतर नंतर कुणीतरी त्या नायकाला गांभीर्याने घेतलेलं असणं.

झपाटलेपणाचं उदाहरण तुमच्या यादीतच आहे. स्टारडस्ट, 'फँटॅस्टिक कॉमिक्स'चा पहिला अंक, डिसेंबर १९३९. फ्लेचर हँक्स लेखन, चित्रं आणि अक्षरं सगळं एकहाती करत आणि १९४१पर्यंत त्यांचं काम संपलंही. स्टारडस्ट अवकाशातला सर्वशक्तिमान जादूगार. वरच्या तीन रकान्यांच्या कसोटीवर सपशेल नापास, कारण त्याला अशक्य काहीच नाही. तरी ती पानं डोळ्यांसमोरून हलत नाहीत. कारण हँक्सना गुन्हा कसा थांबवला यात रस नाही, शिक्षेत आहे. एका गोष्टीत डी स्ट्रक्टो नावाच्या खलनायकाचं शरीर आक्रसून नुसतं डोकं उरतं. स्टारडस्ट ते डोकं अवकाशात एका बिनडोक्याच्या राक्षसाकडे भिरकावतो, ते राक्षसाच्या मानेवर बसतं आणि हळूहळू त्याच्या धडात विरघळून जातं. ताठ उभी माणसं, इवलंसं डोकं आणि अवाढव्य खांदे, मागे सपाट रंग. चित्रकलेच्या शाळेत चुका म्हणून खोडल्या जातील अशा गोष्टींतूनच त्या पानांना स्वप्नासारखी दहशत येते. पॉल करासिक यांनी २००७ मध्ये हँक्स यांच्या गोष्टी संग्रहित केल्या तेव्हा नव्या पिढीला हा माणूस कळला. पण स्टारडस्ट तुम्ही घेऊ नये असं माझं मत. त्याच्यातलं मोल हँक्स यांच्या हातात होतं, पात्रात नव्हे. दुसऱ्याने काढला की उरतो एक निळ्या कपड्यांतला धिप्पाड माणूस.

गांभीर्याने घेणं म्हणजे काय, याला ॲनिमल मॅनइतकं चांगलं उदाहरण नाही. १९६५च्या 'स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स' १८०मध्ये आलेला हा बडी बेकर जवळच्या प्राण्याची क्षमता उसनी घेतो. वीस वर्षं अडगळीत. १९८८ मध्ये ग्रँट मॉरिसन यांनी तो हाती घेतला आणि २६ अंक लिहिले. बडीला बायको एलन, दोन मुलं, हप्त्यांची चिंता आणि प्राण्यांबद्दल खरीखुरी कणव दिली. पाचव्या अंकात तर नायक जवळपास बाजूलाच आहे: व्यंगचित्रांच्या जगातून हाकलला गेलेला एक कोल्ह्यासारखा जीव वाळवंटात पुन्हापुन्हा मरतो, पुन्हा उठतो, आणि बडीला त्याची लिखित कैफियत वाचताच येत नाही. शेवटच्या अंकात बडी आपल्या लेखकालाच भेटतो. बॅटमॅनबरोबर तेव्हा हे करू दिलं असतं? शक्यच नाही. ज्याच्यावर चित्रपट, खेळणी आणि टी-शर्ट अवलंबून असतात त्याला प्रकाशक जिवापाड जपतो. त्याचं वय वाढत नाही, लग्न टिकत नाही, मृत्यू पक्का नसतो. कोपऱ्यातल्या नायकाला राखायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून त्याच्या गोष्टीत पुढच्या पानावर काहीही होऊ शकतं, आणि झालं तर ते कायमचं असतं. अनुभवी वाचक त्या जोखमीसाठी येतो.

या मोकळेपणाचा गैरवापरही खूप झाला आहे, तो टाळा. कुणाला पर्वा नाही म्हणून दुय्यम पात्र मारायचं आणि त्यावर गोष्टीचं वजन वाढवायचं. १९८६ मध्ये 'कॅप्टन अमेरिका' ३१९मध्ये स्कर्ज नावाच्या मारेकऱ्याने एका दारूच्या गुत्त्यात जमलेले डझनभराहून जास्त फुटकळ खलनायक एकाच झपाट्यात संपवले. लेखक मार्क ग्रुएनवाल्ड हे तर मार्वल या प्रकाशकाच्या पात्रकोशाचे संपादक, एकेका पात्राची नोंद ठेवणारे. म्हणजे मरणाऱ्यांची त्यांना ओळख तरी होती. पुढच्यांनी तेवढंही केलं नाही. २००४च्या 'आयडेंटिटी क्रायसिस'मध्ये इलाँगेटेड मॅनची बायको सू डिब्नी मारली गेली. डीसी या प्रकाशकाच्या जगातल्या मोजक्या सुखी जोडप्यांपैकी ते एक होतं आणि ते सुखी होतं हीच त्यांची गंमत होती. वाचकांच्या मनात ते अजून खुपतं.

रेड बीलाही १९८४ मध्ये 'ऑल-स्टार स्क्वाड्रन' ३५मध्ये मारलं. पण त्याच्या वाट्याला नंतर जेम्स रॉबिन्सन आणि टोनी हॅरिस यांची 'स्टारमॅन' मालिका आली, १९९४ ते २००१. तिच्या ३७व्या अंकात मेलेले नायक एका जेवणाच्या टेबलाभोवती बसून बोलतात आणि तिथे मोठ्यांच्या पंक्तीत रेड बीलाही पाट मांडलेला आहे. पटकथा लिहिण्याआधी तेवढा एक अंक वाचाच. पोशाख हास्यास्पद दिसतो हे मान्य करून त्या माणसाची हिंमत जराही कमी न करणं, हे कसं साधतं ते तिथे दिसतं.

संपादकांना सांगायला आणखी एक नाव: स्क्विरल गर्ल. १९९२च्या सुरुवातीचा अंक, विल मरे आणि स्टीव्ह डिटको. खारींशी बोलणारी मुलगी पहिल्याच गोष्टीत खारींची झुंड सोडून डॉक्टर डूम या बड्या खलनायकाला हरवते. मग वर्षानुवर्षं कुठे दिसत नाही. २००५ मध्ये डॅन स्लॉट तिला 'ग्रेट लेक्स ॲव्हेंजर्स'मध्ये आणतात आणि २०१५ मध्ये रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसन तिची स्वतंत्र मालिका करतात, जी मुलामुलींनी डोक्यावर घेतली. त्या मालिकेत ती बहुतेक शत्रूंना बोलून, समजावून वळवते. अनोळखी नायकात वाचक गुंततो का, याचं उत्तर त्यात आहे.

मागचं_पान

हक्कांचं पाहू. इथे घाई केली की सगळं मुसळ केरात, म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेत १९६४च्या आधी प्रकाशित झालेल्या कृतीला आधी २८ वर्षांचा हक्क मिळे. अठ्ठाविसाव्या वर्षात अर्ज करून नूतनीकरण केलं तरच पुढची मुदत. फॉक्स, नेडॉर, फिक्शन हाउस, लेव्ह ग्लीसन असे अनेक प्रकाशक १९५०च्या दशकातच कॉमिक्समधून बाहेर पडले. १९६७-६८ साली अर्ज करायला कुणी उरलंच नव्हतं, म्हणून हे नायक सार्वजनिक झाले. पण 'अमुक प्रकाशकाचं सगळं मोकळं' असं गृहीत धरू नका. तपास अंकागणिक करायचा.

आधी ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या ऑनलाइन सूचीवर अंकाचं नाव, क्रमांक, प्रकाशक आणि तारीख पाहा. मुखपृष्ठावरची तारीख ही प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण दोन महिने पुढची असे, म्हणजे जानेवारी १९४१चा अंक बहुधा नोव्हेंबर १९४०मध्येच बाजारात आलेला असतो. वर्षाच्या सीमेवरच्या अंकात गफलत होते ती इथे. आता २७ आणि २८ वर्षं मिळवा. १९४०च्या मध्यावर आलेल्या अंकासाठी १९६७ आणि १९६८ अशी दोन्ही वर्षं येतात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या वार्षिक सूच्या, 'कॅटलॉग ऑफ कॉपीराइट एंट्रीज', इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवल्या आहेत. त्यातला नियतकालिकांचा भाग उघडून नूतनीकरणाच्या यादीत मासिकाचं नाव शोधा. स्कॅनमधल्या शोधावर विसंबू नका, जुना ठसा पुसट असल्याने शब्द चुकीचे वाचले जातात. अकारविल्हे यादीतलं ते पान काढून डोळ्यांनी वाचा. लेखकाच्या किंवा कंपनीच्या नावाखाली स्वतंत्र नोंद आहे का तेही बघा.

नोंद नसेल तर ज्या अंकाची तपासणी केली त्या अंकात जे आहे तेवढंच तुमचं. नंतर कुणी घातलेली भर तुमची नाही. ब्लॅक टेरर २००८ मध्ये डायनामाइट या प्रकाशकाच्या 'प्रोजेक्ट सुपरपॉवर्स'मध्ये परत आला, त्यातले नवे तपशील त्यांचे. रेड बीच्या बाबतीत हे जास्त सांभाळायचं. क्वालिटीची पात्रं डीसीने १९५६ मध्ये घेतली आणि पुढे वापरली. १९८४चा मृत्यू, 'स्टारमॅन'मधलं जेवण, यातलं अक्षरही पटकथेत येता कामा नये. वाचा जरूर, पण १९४०चे अंक समोर ठेवून लिहा.

तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. कॉपीराइट संपला तरी नावाचा ट्रेडमार्क वेगळा असतो. लेव्ह ग्लीसनचा डेअरडेव्हिल १९४०चा, पण १९६४ मध्ये मार्वलने आपला डेअरडेव्हिल काढला आणि ते नाव बाजारात त्यांचं झालं. म्हणून डायनामाइटने जुना नायक वापरताना त्याला 'डेथ-डिफाइंग डेव्हिल' म्हटलं. तुम्हीही मूळ नाव शीर्षकात, मुखपृष्ठावर किंवा जाहिरातीत टाकू नका. गोष्टीला वेगळं मराठी शीर्षक द्या, नायकाचं नाव आतल्या पानांत येऊ द्या. परदेशी कृतीला भारतात तिच्या मायदेशापेक्षा जास्त मुदत मिळत नाही, त्यामुळे इथे अंक काढायला त्या बाजूने अडचण नाही. तरी अंक विकत देणार असाल तर प्रकाशनाआधी वकिलाला कागद दाखवावेत. तपासलेल्या सूचीपानांची प्रत तारखेसह जपून ठेवा.

मूळ अंक डिजिटल कॉमिक म्युझियम या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवता येतात. जुनी चौकट संदर्भ म्हणून छापायची असेल तर एक अडचण हमखास येते: छपाईचे रंगठिपके. स्कॅन लहान केलं की ठिपक्यांची जाळी पडते. म्हणून आधी पूर्ण आकारातच ठिपके विरघळतील इतपत हलकं धूसर करा, मग लहान करा, मग कडा तेज करा. हा क्रम उलटा झाला तर जाळी कायमची राहते.

वेताळटेकडी

हिंदी कॉमिक्सबद्दल थोडक्यात उत्तर: घेता येणार नाही. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि नूतनीकरणाची भानगडच नाही. मनोज, तुलसी बंद पडले म्हणजे हक्क वाऱ्यावर सुटले असं होत नाही, ते कुणाच्या तरी नावावर असतातच. रद्दीत अंक मिळतो म्हणून पात्र मोकळं होत नाही.

पण अभ्यासाला ही मंडळी फार उपयोगी आहेत. नागराज, ध्रुव, डोगा यांच्या मागच्या फळीत राज कॉमिक्सचा अँथनी बघा. खून झालेला माणूस, प्रिन्स नावाचा कावळा साद घालतो तेव्हा थडग्यातून उठतो. मेलेला असल्याने त्याला घर आहे पण घरी जाता येत नाही. एवढ्या एका अटीवर त्याच्या चांगल्या गोष्टी उभ्या आहेत. यमराजाचा मुलगा गमराज याच कारखान्यातला, आणि त्याचा सूर पूर्ण वेगळा, विनोदी.

मराठी वाचकाला आणखी जवळचा म्हणजे इंद्रजाल कॉमिक्समधला बहादूर. आबिद सुरती यांचं लेखन, गोविंद ब्राह्मणिया यांची चित्रं, १९७६पासून. इंद्रजाल मराठीतही निघत असे, पण आठवण निघाली की सगळे वेताळ आणि मँड्रेकवरच थांबतात. बहादूरकडे ताकद शून्य. भगवा कुर्ता, जीन्स, आणि डाकूंविरुद्ध गावकऱ्यांनी उभारलेलं नागरी सुरक्षा दल. चंबळच्या खोऱ्यातले डाकू ही तेव्हाची वर्तमानपत्रातली बातमी होती, म्हणून तो खरा वाटे. तसंच 'सुप्रीमो'चं. १९८०च्या दशकात अमिताभ बच्चन यांनाच सुपरहिरो बनवून काढलेलं कॉमिक, चित्रं प्रताप मुळीक यांची. नागराजचे सुरुवातीचे कित्येक अंक आणि अमर चित्रकथेतले शिवकाळाचे देखावे ज्या पुणेकर हाताने काढले, तोच हात. मुळीकांच्या रेषेत माणसाला वजन असतं, पाय जमिनीवर टेकलेले असतात. अतर्क्य पोशाखातला नायक खरा वाटावा असं हवं असेल तर त्यांची पानं शेजारी ठेवून सराव करा.

रेड बी महाराष्ट्रात आणायचा झाला तर महाबळेश्वरकडे न्या. त्या भागात मधपाळ आहेत, पेट्यांतल्या सातेरी माश्या आहेत आणि कड्याला लटकलेली आग्यामोहळंही. सातेरी शांत, पेटीत राहणारी. आग्या माणसाळत नाही आणि उठली की शेकड्यांनी पाठलाग करते. नायकाकडे एक सातेरी आणि गोष्टीत कुठेतरी एक आग्यामोहोळ, एवढी मांडणी पुरे आहे.

शाईची_दौत

सर्वांचे मनापासून आभार. रेड बी नक्की केला. 'हिट कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचा तपास मागचं_पान यांनी सांगितल्याप्रमाणे १९६७-६८च्या सूच्यांतून करतो, नोंद सापडली तर बेत बदलेन. शीर्षकात 'एक डंख' एवढंच ठेवावं म्हणतो.

आता पानांची विभागणी. आठ पानांत किती चौकटी बसवाव्यात? आणि ज्याला नायक अजिबात माहीत नाही त्याला तो कोण हे कुठे सांगावं? पहिलं पान पूर्वेतिहासात घालवायला जीव होत नाही.

चौथी_चौकट

पूर्वेतिहास नकोच. त्या काळच्या पानांची रचना बघा: पहिल्या पानाचा अर्धा-अधिक भाग एकच मोठी चौकट, तिच्या कोपऱ्यात दोन ओळींची मजकुराची पट्टी. प्रत्येक अंकात कुणीतरी पहिल्यांदाच वाचत असणार हे धरूनच ते काढत. तुम्हीही तेच करा. मोठ्या चौकटीत पट्ट्यावरचं बकल जवळून दाखवा, झाकण किंचित उघडं, आत माशी. पट्टीत नाव, पेशा आणि 'माशी एकच' ही अट. संपादकांची शंका तिथेच मिटेल.

एकूण ३६ ते ४० चौकटी पुरेत. पहिल्या पानावर तीन, मधल्या पानांवर पाच-सहा, डंखाच्या पानावर दोनच. तो डंख सहाव्या पानाच्या शेवटी नको, सातव्याच्या सुरुवातीला ठेवा. पान उलटल्यावर, किंवा पडद्यावर सरकवल्यावर, तो दिसायला हवा. आठवं पान त्याची किंमत दाखवायला राखून ठेवा. माशी मरणार हे वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळलेलं असलं पाहिजे, नाहीतर शेवट फसवल्यासारखा वाटतो. त्यासाठी लांब संवाद नको. एखादा मधपाळ हातातली तुटकी नांगी दाखवतो, अशी एक चौकट पुरे.

संवादाच्या फुग्यांचं आधीच मोजून घ्या. मराठीत वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं. ते दाबलं की रफार वरच्या ओळीच्या उकारात घुसतो आणि फोनवर काहीच वाचता येत नाही. एका फुग्यात वीस शब्दांच्या वर जाऊ नका, एका चौकटीत दोनच फुगे. इंग्रजी कॉमिक्ससारखी सगळी अक्षरं मोठी करून जोर देण्याची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे ओरडणं दाखवायचं तर अक्षर जाड करा आणि फुग्याची कड दातेरी काढा. चित्राआधी पेन्सिलीने फुगे मांडा. चित्र पूर्ण करून मग फुगे बसवले की ते हटकून चेहऱ्यावर नाहीतर माशीवर येतात, आणि तुमच्या गोष्टीत माशी झाकली गेली तर काही उरणार नाही. प्रत्येक चौकटीत ती कुठे आहे याची वेगळी यादी करा. जिथे ती बकलात असेल तिथेही झाकण उघडं की बंद, ते लिहून ठेवा.